पीकरक्षणाची हलकी बंदूक, तिचा धक्का आणि तिच्यावरील दुर्बीण

भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या, मक्यास कणसे धरली, अथवा भाताच्या लोंब्या वाकू लागल्या, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून माळ्यांवरचा जागता पहारा सुरू होतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत काय करून जातो हे ह्या मासिकाच्या वाचकांस आम्ही नव्याने सांगावे असे काही नाही. ज्याने सकाळी उठून आपले उकरलेले वाफे पाहिले आहेत त्यास ते पुरतेपणी ठाऊक आहे. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते, ज्या शेतकऱ्यांजवळ परवान्याची बंदूक आहे किंवा जे ती घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्या खरेदीविषयी. अलीकडे आमच्या पाहण्यात एक नवीच हौस आली आहे. वजनास होईल तितकी हलकी अशी बारा बोराची बंदूक घ्यावयाची, तीत छर्ऱ्याऐवजी एकगोळी काडतूस घालावयाचे, आणि वर हातभर लांबीची, दहा-बारा पटींची दुर्बीण चढवावयाची. दुकानात बंदुकीच्या हलकेपणाची स्तुती होते व दुर्बिणीच्या पटींची होते. बार काढल्यावर त्या हलकेपणाचे व त्या पटींचे काय होते, ह्याविषयी तेथे कोणी चकार शब्द काढीत नाही. आमचे मत असे आहे की, माळ्यावर बसून राखण करणाऱ्यास हलकी बंदूक हा एक तोटा व मोठ्या पटीची दुर्बीण हा दुसरा तोटा. आणि हे दोन्ही एके ठिकाणी आले म्हणजे डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसात शिरते.

आम्ही महसूल खात्यात असता पुष्कळ वर्षे हत्यार परवान्यांचे कागद आमच्या हातून गेले. निवृत्तीनंतर गावी शेती पाहू लागल्यावर, जी हत्यारे आजवर नोंदवहीत नुसत्या क्रमांकाने पाहिली होती, ती माणसांच्या खांद्यावर पाहावयास मिळाली. कागदावर सगळे बारा बोर सारखेच असतात. खांद्यास त्यांतला फरक पहिल्याच बारास कळतो.

बारा बोर म्हणजे, एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या असता त्यांतील एकीच्या व्यासाइतकी नळी. तो व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. ही नळी आतून गुळगुळीत असते. छर्ऱ्याच्या काडतुसातले छर्रे बाहेर पडताच पसरू लागतात, त्यामुळे दूरच्या मोठ्या जनावरास त्यांतले दोन-चारच लागतात, आणि तेही वरवर. एकगोळी काडतुसात, ज्यास इंग्रजीत स्लग म्हणतात, त्या छर्ऱ्यांच्या जागी साधारण २८ ग्रॅम वजनाचा शिशाचा एकच गोळा असतो. जर्मनीतील ब्रेनेके ह्यांनी १८९८ साली व अमेरिकेतील फॉस्टर ह्यांनी १९३१ साली काढलेल्या दोन घाटांवरून आजची पुष्कळशी अशी काडतुसे निघाली आहेत. गोळीचा भार पुढल्या अंगास ठेवावयाचा, म्हणजे पिसे लावलेल्या बाणाप्रमाणे ती तोंड पुढे करूनच जाते, अशी त्यांतील युक्ती. अमेरिकेतील ओहायो, इलिनॉय ह्यांसारख्या सपाट व दाट वस्तीच्या राज्यांत हरणाच्या शिकारीस रायफल वापरू देत नसत, कारण तिची गोळी फार दूर जाते. म्हणून तेथील शिकाऱ्यांनी ही गोळीची बंदूक, तिचा धक्का व तिची दुर्बीण ह्यांचा बराच अभ्यास केला. ओहायोने २०१४ साली व इलिनॉयने २०२३ साली ठरावीक जातीच्या रायफलींस मुभा दिली, तथापि तो अभ्यास आपणांस आजही उपयोगी पडण्याजोगा आहे. आपला कायदाही शेतकऱ्याच्या हाती गुळगुळीत नळीच देतो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पीकरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूक सांगितली असून, ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते.

ही गोळी थोड्या पल्ल्याची, सबब निर्धोक, असा समज आपल्याकडे पसरत आहे, तो मात्र येथेच खोडून काढला पाहिजे. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विधिमंडळाच्या एका समितीने २००७ साली ह्या प्रश्नाचा अभ्यास करविला, त्यात असे दिसून आले की, जमिनीला समांतर झाडलेली स्लग जमिनीवर आपटून उसळल्यास रायफलीच्या गोळीहूनही किंचित दूर जाऊ शकते. आपल्या गावठाणाची शेवटची घरे आणि शिवाराची पहिली बांधे ह्यांत किती अंतर असते, ते ज्याचे त्याने पाहावे.

आता वजनाचा हिशेब. बार निघाला म्हणजे गोळी, तिच्यामागचा बुचा व दारूचा धूर जितक्या जोराने पुढे जातात तितक्याच जोराने बंदूक मागे येते. हा जोर ठरलेला. बंदूक हलकी असेल तर ती अधिक वेगाने मागे येणार, जड असेल तर सावकाश येणार. २८ ग्रॅमची गोळी सेकंदास सुमारे ४७५ मीटर वेगाने सुटली तर २.७ किलो, म्हणजे सहा पौंड वजनाची बंदूक सेकंदास सहा मीटरांच्या वर वेगाने खांद्यावर येते, ३.६ किलो, म्हणजे आठ पौंडांची असेल तर साडेचार मीटरांच्या आसपास. खांद्यास जो मार बसतो तो वजनाच्या उलट प्रमाणात असतो. सहा पौंडांच्या जागी आठ पौंड घेतले तर मार चार आण्यांनी कमी होतो, आणि आठाच्या जागी सहा घेतले तर एक-तृतीयांशाने वाढतो. बर्मिंगहॅमचे प्रसिद्ध बंदूककार ग्रीनर ह्यांच्या नावाने एक जुना नियम सांगतात, तो असा की, काडतुसातील छर्ऱ्याचे जे वजन असेल त्याच्या ९६ पट बंदुकीचे वजन असावे. त्या हिशेबाने २८ ग्रॅमला २.७ किलो बरोबर बसते, आणि हलक्या बंदुकीचे कैवारी हाच नियम पुढे करतात. परंतु तो नियम छर्ऱ्याच्या बेताच्या वेगासाठी आहे. तितक्याच वजनाची स्लग छर्ऱ्याच्या साध्या काडतुसापेक्षा बरीच वेगाने निघते व तिच्या मागे दारूही अधिक असते. त्यामुळे त्याच बंदुकीचा त्याच खांद्यास बसणारा मार जवळजवळ पावणेदोन पट होतो. तितिरासाठी सुखाची असलेली बंदूक डुकराच्या गोळीस दुःखाची होते, ती ह्या कारणाने.

बरे, हलकेपणाचा लाभ तरी कोणास? जो दिवसभर डोंगर चढतो-उतरतो त्यास. आपला राखणदार संध्याकाळी जेवून माळ्यावर चढतो व पहाटे उतरतो. बंदूक त्याच्या मांडीवर अथवा माळ्याच्या आडव्या बांबूवर असते. ह्या दोन वेळच्या चालण्यासाठी पाऊण किलो वजन वाचवावयाचे, आणि त्याचा मोबदला प्रत्येक बारास खांद्याने द्यावयाचा, हा व्यवहार आम्हांस तरी कळत नाही. गाडीला हलका बैल जुंपून चारा वाचविल्याचे समाधान मानावे, तसेच हे.

खांदा दुखतो एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. शेतकऱ्याचा खांदा दुखण्यास सरावलेला असतो. खरा अपाय निराळाच आहे. दोन-तीन वेळा मार खाल्लेला माणूस पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणीच डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो व मनगट आवळतो. हे त्याच्या नकळत होते, आणि विचारले तर तो शपथेवर नाही म्हणतो. ह्या दचकण्याने नळीचे तोंड बोटभर खाली गेले तरी तीस मीटरांवर गोळी हातभर खाली जाते. छातीवर धरलेला नेम पोटात किंवा पायावर बसतो. पोटात गोळी घेतलेले डुक्कर मैलभर जाऊ शकते, आणि ते जाते कोठे, तर जवळात जवळच्या दाट पिकात. दुसऱ्या दिवशी त्या फडात ऊसतोडणीची बाई वाकून कोयता घालते, तेव्हा तिच्या व त्या जनावराच्या सुळ्यांच्या मध्ये पाचटाखेरीज काही नसते. गोळी झाडणारा तोपर्यंत घरी झोपलेला असतो.

दचकणे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. सोबत्याने बंदूक भरून द्यावी. कधी खरे काडतूस घालावे, कधी पोकळ, म्हणजे सरावासाठी मिळते तसले बिनदारूचे. झाडणाऱ्यास आत काय आहे ते कळू देऊ नये. पोकळ काडतुसावर चाप ओढताच नळी खाली गचका खाईल तर समजावे की माणूस दचकतो. आमच्या ओळखीच्या पाच-सहा परवानेदारांनी ही परीक्षा दिली. एक जुना लष्करातला शिपाईगडी सोडून सगळ्यांच्या नळ्या गचकल्या, आणि त्यांत गावातील सर्वांत नामांकित नेमबाजाची गचक सर्वांत मोठी होती.

ज्याने हलकी बंदूक घेऊन ठेवली आहे त्याने ती विकावी असे आमचे म्हणणे नाही. तिचा धक्का पुष्कळ अंशी आवरता येतो. पहिला उपाय वजनाचाच. दस्त्याच्या मागल्या तोंडाची पट्टी काढली असता आत पुष्कळ बंदुकींस पोकळ भोक असते. त्यात तीन-चारशे ग्रॅम छर्रे कापडी पुरचुंडीत घट्ट बांधून, खुळखुळणार नाहीत असे ठासावेत. बंदूक मागे भारी वाटू लागते खरी, पण माळ्यावर टेकून नेम धरणाऱ्यास त्याची अडचण होत नाही. दुसरा उपाय रबराच्या गादीचा. चांगली मऊ गादी मार कमी करीत नाही, पण तो मोठ्या जागेवर व थोड्या अधिक वेळात पसरते. मात्र गादी जितकी जाड तितका दस्ता लांब होतो. बंडी-घोंगडे अंगावर असता लांब दस्ता काखेत अडकतो व दंडावर बसतो. म्हणून सुताराकडून दस्ता तितकाच कापवून घ्यावा. पोत्याचा तुकडा दोरीने बांधून काम भागविणारे आम्ही पाहिले आहेत. तो तुकडा ऐन वेळी सरकतो.

तिसरा उपाय काडतुसाच्या निवडीचा, आणि तो बिनखर्चाचा आहे. तीस-चाळीस मीटरांवरील डुकरास ७० मिलिमीटरांचे साधे एकगोळी काडतूस पुरून उरते. ७६ मिलिमीटरांच्या मोठ्या काडतुसाने डुक्कर अधिक मरत नाही, खांदा मात्र अधिक मरतो. येथेच एक धोक्याची सूचना देतो. आपल्याकडे वडिलोपार्जित विलायती जोडनळ्या पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या नळीच्या बुडाशी काडतुसाचे जे घर असते ते ६५ मिलिमीटरांचेच असते. त्यात ७० मिलिमीटरांचे काडतूस बसते, दिसावयास बसते, पण उघडण्यास त्याच्या तोंडाला जागा राहत नाही व आतील दाब भलताच वाढतो. नळीच्या बुडावरील खुणा जाणत्या बंदूककारास दाखवून मगच काडतूस विकत घ्यावे. तसेच जोडनळीपैकी एका नळीचे तोंड बहुधा अधिक आवळलेले असते, ज्यास चोक म्हणतात; गोळीसाठी नेहमी मोकळ्या तोंडाची नळी वापरावी.

बसण्याच्या पद्धतीविषयी कोणी सांगत नाही म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माळ्यावर बसणारा बहुधा मागच्या मेढीस पाठ टेकून बसतो, आणि तसाच बार काढतो. ही सर्वांत वाईट रीत होय. खांद्यास मागे जावयास जागाच राहत नाही, सगळा मार हाडावर येतो. पाठ मेढीपासून सोडवून, कमरेतून थोडे पुढे झुकून, दोन्ही कोपरे गुडघ्यांवर किंवा आडव्या बांबूवर ठेवून बसावे. दस्ता खांद्याच्या खोबणीत आधी घट्ट ओढून घ्यावा. भीतीने खांद्यापासून बोटभर दूर धरला तर तो मुठीसारखा येऊन आदळतो. नळी थेट बांबूवर टेकवू नये, पुढला हात मध्ये ठेवावा किंवा गोणपाटाची घडी ठेवावी, नाहीतर नळी उडते व गोळी वर जाते. कानांत कापसाचे बोळे पुरत नाहीत. कारखान्यांत मिळतात तशा कानटोप्या लावाव्यात. माणूस जितका धक्क्याने दचकतो जवळजवळ तितकाच आवाजाने दचकतो, आणि ऐकू येणे एकदा गेले म्हणजे परत येत नाही.

ह्यानंतर दुर्बीण. ती ह्या क्रमानेच घ्यावी असे आमचे म्हणणे आहे. पण होते उलटे, दुर्बीण पहिली येते. तिच्यासंबंधी पहिली गोष्ट पाहावयाची ती पटी नसून डोळ्याचे अंतर. दुर्बिणीत पूर्ण गोल चित्र दिसण्यासाठी डोळा मागल्या काचेपासून किती दूर ठेवता येतो, ते हे अंतर. हलक्या बंदुकीवर ते नऊ-दहा सेंटिमीटरांहून कमी असता कामा नये. आमच्या शेजारच्या गावी एका तरुणाने हवेच्या बंदुकीवरची स्वस्त दुर्बीण काढून बारा बोरावर बसविली. पहिल्याच बारास तिची कड भुवईवर बसून अर्धचंद्राकृती जखम झाली व टाके घालावे लागले. दुसऱ्या बारास दुर्बिणीतील तारच जागची हलली, हे त्याला तिसऱ्या बाराला कळले. हवेच्या बंदुकीच्या दुर्बिणी त्या बंदुकींसाठी ठीक असतात. बारा बोराचा दणका सोसेल असे जिच्यावर बनविणाऱ्याने लिहून दिले आहे तीच घ्यावी.

पटींचा मोह अंधारात अंगलट येतो. दुर्बिणीच्या पुढल्या काचेचा व्यास मिलिमीटरांत घेऊन त्यास पटीने भागावे. जो आकडा येईल तितक्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. चारपट व ३२ मिलिमीटरांची दुर्बीण असेल तर झोत आठ मिलिमीटरांचा. बारापट व ४० मिलिमीटरांची असेल तर जेमतेम सव्वातीन. काळोखात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरांपर्यंत उघडते, आमच्या वयाच्या माणसाची पाचांच्या आसपास. म्हणजे बारापटीची दुर्बीण डोळ्याला उपाशी ठेवते आणि चारपटीची पोटभर देते. शिवाय तीस मीटरांवर बारापटीतून मीटरभरही रुंद जागा दिसत नाही. डुक्कर शोधीपर्यंत ते बांध ओलांडते, आणि दिसले तरी डोके कोणते व शेपूट कोणते ह्याचा पत्ता लागत नाही. दोन किंवा अडीच पटीतून तेवढ्याच अंतरावर चार-पाच मीटरांचा पट्टा दिसतो. आमच्या शेतांतील अंतरे पाहता अडीचपटीची, किंवा एक ते चार पटींत फिरणारी दुर्बीण पुरे. रायफलीच्या दुर्बिणी शंभर किंवा त्याहून अधिक यार्डांवर लावलेल्या असतात. त्यांतून जवळच्या वस्तूवर पाहताना डोळा थोडा इकडेतिकडे झाला की नेमही सरकल्यासारखा दिसतो. गोळीच्या बंदुकीसाठी निराळ्या, पन्नास-पाऊणशे यार्डांवर लावलेल्या मिळतात, त्या मागून घ्याव्यात.

दुर्बीण बसविण्याची जागाही पाहिली पाहिजे. जोडनळीवर ती बसवूच नये. त्या दोन नळ्या छर्ऱ्यासाठी जुळविलेल्या असतात, गोळी प्रत्येक नळीची निराळीकडे पडते, आणि एका दुर्बिणीने दोघींचे समाधान होत नाही. पंपाच्या बंदुकीची नळी काढता-घालता येते, म्हणून ती आपल्या बैठकीत किंचित हलते. दुर्बीण मागच्या पेटीवर असेल व नळी पुढे हलत असेल तर नेम कसा टिकणार? नळीलाच जोडलेल्या पट्टीवर बसविलेली दुर्बीण नळीबरोबर हलते, तीच बरी. स्क्रू दर चार बारांनी हाताने पाहावेत. दुर्बिणीने डोळा उंच होतो व गाल दस्त्यावरून सुटतो, मग दस्त्याची वरची कड येऊन गालफडावर बसते. ह्यास उपाय कातड्याची किंवा जाड वाकळेची पट्टी घट्ट बांधून ती कड गालापर्यंत उंच करणे. हा खर्च काही रुपयांचा आहे, आणि दुर्बिणीवर हजारो खर्चणाऱ्यांपैकी तो कोणी केलेला आम्ही पाहिला नाही.

खरे विचाराल तर चाळीस मीटरांच्या आत पुढची माशी व मागचे एक खाचेचे नेमपट्ट, अथवा काचेत लाल ठिपका दाखविणारे बिनपटीचे नेमयंत्र, एवढ्यात आमच्या मते काम होते. लाल ठिपक्यास डोळ्याचे अंतर पाळावे लागत नाही, त्यामुळे भुवई शाबूत राहते. त्याची विजेची टिकली मात्र हंगामाच्या आरंभी बदलावी. नुसते चमकणारे डोळे पाहून बार काढणाऱ्यास कोणतीच काच तारू शकणार नाही. विजेरीच्या उजेडात जनावराचे पूर्ण अंग दिसले पाहिजे, कारण चुकलेली म्हैस व बांधावर बसलेला माणूस हीही शिवारात असतात. आणि माळ्याच्या उंचीवरून गोळी खाली जमिनीत जाईल असाच नेम असावा. डुक्कर बांधाच्या माथ्यावर, मागे आभाळ, अशा वेळी बंदूक मांडीवरच राहू द्यावी.

नेम लावण्यास किती काडतुसे लागतात, हा प्रश्न आम्हांस फार वेळा विचारला जातो, आणि सर्व गाडे येथेच अडते. रीत अशी. रिकाम्या बंदुकीची नळी काढून, किंवा मोडती बंदूक उघडून, तिला वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवावी व नळीतून आरपार पंचवीस यार्डांवरील खुणेकडे पाहावे; खूण नळीच्या मध्यावर आली की बंदूक न हलविता दुर्बिणीची तारही त्याच खुणेवर आणावी. मग एक बार. बहुतेक दुर्बिणींची एक टिकटिक शंभर यार्डांवर पाव इंच हलविते, म्हणजे पंचवीसवर इंचाचा सोळावा भाग. तेव्हा तेथे एक इंच सारण्यास सोळा टिकटिका मोजाव्या लागतात, चार नव्हेत. हे न कळल्यामुळे कित्येकांनी काडतुसे फुकट घालविली आहेत. पुढे चाळीस-पन्नास यार्डांवर तीन बार, दुरुस्ती, व पुन्हा तीन. ह्या वेळी खांदा व दस्ता ह्यांच्या मध्ये वाळूची लहान पिशवी ठेवावी, कारण टेकवून काढलेला बार सर्वांत अधिक लागतो. पन्नास यार्डांवर नेम बसविला तर शंभरावर गोळी पाच-सहा इंच खाली पडते. पण शंभर यार्डांवर डुकरावर गोळी टाकण्याचे आपणांस कारण नाही. सर्व मिळून आठ-दहा काडतुसे लागली. हे काम शेतात करावयाचे नाही; जिल्ह्याच्या ठिकाणी रायफल क्लबाचे किंवा तत्सम परवानगीचे मैदान असेल तेथे करावयाचे. काडतुसे बदलली तर पुन्हा करावयाचे, कारण एका जातीच्या गोळीस लावलेला नेम दुसरीस लागू पडत नाही.

आता परवान्यावर एका वेळी किती काडतुसे बाळगावयाची व वर्षभरात किती घ्यावयाची ह्याचे आकडे घातलेले असतात. ते लिहिणारे हात आमचेच होते, म्हणून सांगतो. पीकरक्षणाच्या परवान्यावर हे आकडे बेताचे असतात, आणि त्यांतील निम्मी काडतुसे नेम लावण्यात घालविण्यास शेतकऱ्याचा जीव धजत नाही. तो पेटीतून बंदूक काढतो आणि पहिली गोळी जिवंत डुकरावर टाकतो. अधिकारी काडतुसे थोडी देतात ती लोकांच्या सुरक्षिततेसाठी. आमचे नम्र म्हणणे असे की, सरावाच्या दहा काडतुसांनी जी सुरक्षितता येते ती दहा काडतुसे न दिल्याने येत नाही.

बंदुकीचा परवाना हा डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे, हेही पुष्कळांस ठाऊक नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या ११ व्या कलमाखाली, उभ्या पिकास धोका झाल्याबद्दल अधिकारी वनाधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. राज्य शासनाने २०१५ साली रानडुक्कर व रोही ह्यांच्यापुरते हे अधिकार वनक्षेत्रपालांपर्यंत खाली आणले. मारलेले जनावर सरकारची मालमत्ता होते, त्याचे वाटे घालता येत नाहीत. तो हुकूम हाती नसेल तर उत्तम बंदूक, उत्तम दुर्बीण व उत्तम नेम ह्या तिन्हींचा उपयोग एकाच ठिकाणी होईल, तो म्हणजे पंचनाम्यात.

आमची मंडळास अशी विनंती आहे की, पीकरक्षणाचे परवाने धारण करणाऱ्या सभासदांच्या वतीने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे एक सामाईक अर्ज करावा. त्यात दर परवान्यामागे वर्षास दहा काडतुसे केवळ सरावासाठी वाढवून मिळावीत, ती मान्य मैदानावर जबाबदार इसमादेखत खर्च व्हावीत, आणि रिकामी टोपणे मोजून परत करण्याची अट आम्ही आपण होऊन मान्य करावी, म्हणजे हुकूम देणाऱ्यास संकोच राहणार नाही. अर्जाचा मसुदा करून देण्यास आम्ही तयार आहो. सभासदांनी आपल्या परवान्याची नक्कल, त्यावरील काडतुसांचे आकडे, बंदुकीचे काट्यावर केलेले वजन व काडतुसाच्या घराची लांबी एवढे एका कागदावर लिहून मंडळाच्या कचेरीत पोचते करावे. वजन दुकानदाराने सांगितलेले नको. धान्याच्या काट्यावर बंदूक रिकामी करून, दुर्बिणीसह व दुर्बिणीविना, दोन्ही वेळा करावे.